माणदेशाचा देव आणि कृष्णाकाठचा बैल

१/
पशुमेळा म्हटला की पुष्करचे उंट आणि राजस्थानची वाळू डोळ्यांपुढे येते. परंतु देवाची यात्रा आणि जनावरांचा बाजार यांचे तेच जुने नाते सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातही आहे. येथे उंटाच्या जागी खिलार बैल आहे आणि देव आहे सिद्धनाथ. आजचा धागा खरसुंडीच्या यात्रेविषयी.

२/
प्रथम भूगोल पाहू. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस शे-सव्वाशे किलोमीटरांवर, माण नदीच्या खोऱ्यात, तो जेमतेम पाचशेवर येतो. माण, आटपाडी, सांगोला आणि लगतचा हा पर्जन्यछायेचा मुलूख म्हणजे माणदेश.

३/
पीक बेभरवशाचे, पण माळ मोकळा. म्हणून येथील माणसाने जनावरांवर भिस्त ठेवली. खिल्लार म्हणजे जनावरांचा कळप. त्यावरूनच जातीला नाव मिळाले. पांढरा वर्ण, चिंचोळे तोंड, मागे वळलेली लांब शिंगे, चपळ चाल. खिलार गाय दूध बेताचेच देते. ते बहुधा खोंडाला पाजले जाई. कारण घरची खरी मिळकत तो खोंड होता.

४/
त्याचे गिऱ्हाईक मात्र गावात नसे. कृष्णाकाठच्या काळ्या, चिकट जमिनीला नांगरणीसाठी ताकदीचे बैल हवे असत. एकीकडे पाणी आणि पिके, दुसरीकडे माळ आणि जनावरे. या दोन प्रदेशांची गाठ घालून देणारी जागा म्हणजे यात्रा.

५/
आता पंचांग पाहा. आटपाडीच्या उत्तरेश्वराची यात्रा कार्तिकात. म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस. खरसुंडीत सिद्धनाथाची यात्रा पौषात भरते आणि पुन्हा चैत्रात. त्यांपैकी पौषातली यात्रा खिलार जनावरांच्या बाजारासाठी विशेष प्रसिद्ध.

६/
पौषच का? खरिपाची सुगी उरकलेली असते, हाती थोडा पैसा असतो. माणदेशी शेतकऱ्यापुढे मात्र उन्हाळा उभा असतो. वैरण संपण्याआधी जनावर विकले तर दाम येतो; नंतर तेच जनावर अर्ध्या किमतीस द्यावे लागते. श्रद्धेची तिथी आणि दुष्काळाचा हिशेब असे एकत्र आलेले दिसतात.

७/
व्यवहाराची रीतही पाहण्यासारखी. जनावराचे वय दातांवरून ठरते: आदत, दुसा, चौसा, जुळलेला. किंमत ठरते उपरण्याखाली, बोटांच्या खुणांनी. शेजारी उभ्या माणसालाही आकडा कळत नाही. खरेदीदार परमुलखाचा आणि ओळखपाळख नाही, अशा ठिकाणी देवाच्या दारी दिलेल्या शब्दाला वजन असणे स्वाभाविकच होते.

८/
थोडा राजकीय इतिहास. खरसुंडीचा हा आटपाडी महाल औंध संस्थानात होता. खिलारांच्या एका प्रकाराला 'आटपाडी महाल' हेच नाव पडले, दुसऱ्याला 'म्हसवड'. संस्थान विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. म्हसवड साताऱ्यात राहिले, खरसुंडी सांगलीत गेली. देव आणि बैल दोहोंकडचे एकच.

९/
पुढे ट्रॅक्टर आला आणि नांगराचा बैल मागे पडला. खिलारांची मागणी मोठ्या अंशी शर्यतींवर येऊन ठेपली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या काळात पशुपालकांची एकच तक्रार होती: गिऱ्हाईक नाही, तर खोंड कशासाठी वाढवायचा? शर्यतीत बैलाच्या होणाऱ्या हालांचा प्रश्नही तितकाच खरा आहे. परंतु केवळ वेगासाठी निवडली जाणारी जात पूर्वीसारखी राहील काय, याचाही विचार व्हावा.

१०/
टेंभू उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी आता आटपाडीच्या माळावर चढले आहे. ज्या वाटेने माणदेशी बैल खाली कृष्णाकाठी उतरत, त्याच वाटेने आज पाणी वर येते. दुष्काळाने घडवलेली ही जात दुष्काळ ओसरल्यावर टिकेल का, याचे उत्तर गोठ्यात आणि बाजारात मिळेल. पौषात सवड काढून खरसुंडीला जा. देवदर्शन घ्या आणि मग बाजारात एखाद्या म्हाताऱ्या पशुपालकाला खोंडाचे दात पाहायला शिकवा म्हणा. हा इतिहास अजून जिवंत माणसांच्या हातांत आहे.