ऑक्सफर्ड आणि मानवशास्त्राची पदवी

विद्यापीठांत एखाद्या शास्त्राला अध्यापक मिळणें निराळें आणि विद्यार्थ्यांना त्या शास्त्राची पदवी मिळणें निराळें. एडवर्ड टायलर हे १८८४ सालीं ऑक्सफर्डमध्यें मानवशास्त्राचे रीडर झाले. क्वेकर कुटुंबांत जन्मलेल्या या विद्वानांनीं स्वतः कोणत्याहि विद्यापीठांत शिक्षण घेतलें नव्हतें. मेक्सिकोचा प्रवास व अखंड वाचन हेंच त्यांचें विद्यापीठ. १८७१ सालच्या 'प्रिमिटिव्ह कल्चर' या ग्रंथानें त्यांची कीर्ति सर्वत्र पसरली होती. तथापि मानवशास्त्राची स्वतंत्र पदवीपरीक्षा असावी, ही सूचना १८९५ सालीं विद्यापीठानें फेटाळली. धर्मशास्त्र, ग्रीक-लॅटिन विद्या आणि सृष्टिविज्ञान, एरवीं एकमेकांशीं न पटणारे हे तिन्ही पक्ष विरोधाला मात्र एक झाले. मनुष्याचा एकेक अंश प्रत्येकाजवळ होता. संपूर्ण मनुष्य दुसऱ्याच्या स्वाधीन करण्यास कोणीच राजी नव्हता.

पुढच्याच वर्षीं टायलर प्राध्यापक झाले. १९०५ सालीं पदविका मंजूर झाली. पदवी पाहण्यापूर्वींच, १९१७ सालीं, ते निवर्तले. 'ह्यूमन सायन्सेस' या संयुक्त पदवीचे पहिले विद्यार्थी १९७० सालीं आले. पुराणवस्तुशास्त्र व मानवशास्त्र यांची जोडपदवी १९९२ सालीं सुरू झाली. परकीयांच्या चालीरीती समजून घेण्याची जी दृष्टि कोवळ्या वयांतच लाभावयाची, तिला पदवीचें दार उघडण्यास पाऊणशें वर्षें लागलीं.