'कोण बोलतंय?' : दुकानातल्या फोनचा अलिखित इतिहास

१९९८ ते २००० या काळात, महाविद्यालयात शिकत असताना, मी मुंबईच्या एका उपनगरातील किराणा दुकानात संध्याकाळी उधारीच्या वह्या लिहिण्याचे काम करीत असे. दुकानाचा फोन गल्ल्याशेजारी होता आणि तो उचलण्याचे काम पन्नाशी ओलांडलेल्या एका गृहस्थांकडे होते. दुकानात सगळे त्यांना काका म्हणत. फोनवर मात्र ते कुणाचेच काका नव्हते. पलीकडून पहिला प्रश्न येई, 'कोण बोलतंय?' आणि काका दुकानाचे नाव सांगत. स्वतःचे नाव त्यांनी कधी सांगितल्याचे मला आठवत नाही. कुणी विचारल्याचेही आठवत नाही. पुढचे संभाषण एका बाजूने 'अरे, लिहून घे' आणि दुसऱ्या बाजूने 'हो ताई', 'हो साहेब' अशा संबोधनांच्या उतरंडीवरून चाले.

बाजाराचा इतिहास आपल्याकडे पेठांचा, सावकारांचा, व्यापारी घराण्यांचा म्हणून लिहिला गेला. अलीकडे ग्राहकाचाही लिहिला जातो. परंतु या दोघांच्या मध्ये उभा राहून दोघांचे ऐकून घेणारा जो माणूस, त्याचा इतिहास कुठे शोधायचा? त्याच्यासाठी आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे, 'गुमास्ता'. मूळ फारसी शब्दाचा अर्थ 'नेमलेला' असा. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात बंगालमध्ये गुमास्ता म्हणजे विणकरांवर हुकमत चालवणारा कंपनीचा प्रतिनिधी होता. पुढे हा शब्द उतरत उतरत दुकानातल्या नोकरापर्यंत आला. १९४८चा मुंबई दुकाने व संस्था अधिनियम लोकांच्या तोंडी 'गुमास्ता कायदा' झाला. त्या कायद्याने दुकानी नोकराच्या कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि रजा यांची नोंद ठेवणे मालकावर बंधनकारक केले. ही मोठीच गोष्ट होती. मात्र त्या नोंदवहीत आवाजासाठी रकाना नव्हता, आणि फोन आल्यापासून दुकानातले बरेचसे काम आवाजाने होऊ लागले होते.

०

आवाज ही नोकरीची अट कधी झाली, हे सांगता येते. १८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनचे पेटंट मिळवले. त्यानंतर अमेरिकेतील पहिल्या टेलिफोन केंद्रांत तारखात्याच्या धर्तीवर किशोरवयीन मुले नेमली गेली. तारेच्या कामात उद्धटपणा लपून राहत असे, टेलिफोनवर तो थेट ग्राहकाच्या कानात जाऊ लागला. मुले चेष्टा करतात, उलट उत्तरे देतात, अशा तक्रारी वाढल्या. तेव्हा १ सप्टेंबर १८७८ रोजी बोस्टनमध्ये एमा नट ही तरुणी रुजू झाली. जगातील पहिली स्त्री टेलिफोन ऑपरेटर म्हणून तिची नोंद आहे. तिचा आवाज शांत व सौम्य होता, आणि तो लोकांना भावला. पुढे हे सारे क्षेत्रच स्त्रियांचे झाले. संयम ही स्वभावातली गोष्ट होती. येथून पुढे ती पगारात गृहीत धरली गेली.

याच सुमारास अमेरिकेतील मोठी वस्तुभांडारे वाढत होती, आणि पुढे त्यांनी टेलिफोनवर मागणी घेण्यास सुरुवात केली. या भांडारांतील विक्रेत्या स्त्रियांवर सुझन पोर्टर बेन्सन यांचा 'काउंटर कल्चर्स' (१९८६) हा ग्रंथ आहे. १८९० ते १९४० हा त्याचा कालपट्टा. व्यवस्थापक, ग्राहक आणि विक्रेती यांच्या त्रिकोणी संबंधांत विक्रेत्यांनी आपली अशी एक कार्यसंस्कृती घडवली होती, असे त्या दाखवतात. काउंटरमागे त्या एकट्या नसत, सोबतिणी असत.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. काउंटर ही केवळ फळी नव्हे. तिच्या अलीकडे तराजू आहे, माल आहे, 'जरा थांबा, आधी यांचे देतो' असे म्हणण्याची सोय आहे. गिऱ्हाईक चढ्या आवाजात बोलले तर रांगेतली चार माणसे पाहत असतात, आणि त्या पाहण्याचा धाक दोन्ही बाजूंना असतो. फोनने हे सारे काढून घेतले. माल दाखवता येत नाही, वजन डोळ्यांदेखत करता येत नाही, आणि साक्षीला कुणी नाही. नोकराच्या हाती उरतो फक्त त्याचा आवाज, आणि तो चढवण्याची त्याला मुभा नाही.

०

मुंबईत टेलिफोन केंद्र सुरू झाले ते १८८२ साली, कलकत्ता व मद्रास यांच्याबरोबरच. पण पुढची शंभर वर्षे घरात फोन असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण राहिले. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे दुकानात फोन करून सामान मागवणारे गिऱ्हाईक हे मुळातच वरच्या पायरीवरचे असे. ज्यांच्या घरी फोन नव्हता ते यादी आणि पिशवी घेऊन दुकानात येत व रांगेत उभे राहत. फोनवरच्यांचा माल आधी बांधला जाई. ही दुसरी, अदृश्य रांग होती.

दुसरीकडे, वाडीतल्या कितीतरी लोकांच्या पत्त्याखाली जो 'पी. पी.' क्रमांक छापलेला असे, तो अनेकदा अशा दुकानाचाच असे. गावाहून कुणी आजारी असल्याचा निरोप, नोकरीच्या मुलाखतीचा निरोप, मुलगा झाल्याचा निरोप, सारे दुकानातल्या नोकराच्या कानांतून जात. तो फोन बाजूला ठेवून चाळीखाली जाऊन हाक मारी. वस्तीचा कान म्हणून त्याने केलेल्या या कामाचा हिशेब कोणत्याही वहीत नाही.

एमटीएनएलची स्थापना १९८६ची. नव्वदच्या दशकात फोन मध्यमवर्गीय घरांत सर्रास पोहोचले आणि 'घरपोच' हा शब्द दुकानांच्या पाट्यांवर आला. मी वह्या लिहीत होतो तो हाच काळ.

०

काकांच्या फोनवर सर्वांत जास्त ऐकू येणारा शब्द होता 'नेहमीचा'. 'नेहमीचा तांदूळ पाच किलो.' 'नेहमीचा चहा.' साहित्याच्या वर्गात आपण संदर्भाविना अर्थ नाही असे शिकवतो. त्याचे याहून चोख उदाहरण मला अद्याप सापडलेले नाही. तिसऱ्या मजल्यावरच्यांचा नेहमीचा तांदूळ म्हणजे कोलम, समोरच्या इमारतीतल्या आजींचा म्हणजे इंद्रायणी, आणि त्यांच्याकडे पाहुणे असले की 'नेहमीचा' म्हणजे बासमती. रवा जाड की बारीक, शेंगदाणे उपवासाचे की चिवड्याचे, हे आवाज ओळखून ठरे. शेवटी काका यादी वाचून दाखवीत. त्या वाचनात ते हळूच एखादा प्रश्न घालीत: 'पाहुणे आहेत ना ताई?' आपण ज्याला अर्थनिर्णयन म्हणतो ते दुसरे काय असते?

एका आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री दुकान बंद होण्याच्या बेतात फोन आला. नेहमीचा साबुदाणा, आणि लगेच. काकांनी नेहमीचाच पाठवला. पाऊण तासाने पुन्हा फोन. दाणा मोठा आला होता, बाईंना या वेळी बारीक हवा होता. आपण तसे सांगितले होते, असे त्यांचे म्हणणे. 'मालकांना फोन दे.' मालकांनी क्षमा मागितली आणि रिसीव्हर ठेवून आम्हा सर्वांसमोर काकांना दोन शब्द सुनावले. वहीत माझ्या हातची नोंद होती, 'साबुदाणा १ कि., ने.' मी ती पाहिली आणि बोललो नाही. एकोणीस वर्षांचा होतो, नोकरी नवी होती, ही कारणे आज पुरेशी वाटत नाहीत. पाच मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. काकांनी तो नेहमीच्याच आवाजात उचलला.

गल्ल्यामागच्या भिंतीवर त्या काळी पुष्कळ दुकानांत आणि बँकांत दिसणारा तक्ता होता. ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, अशा आशयाचा, खाली महात्मा गांधींचे नाव. हे वचन गांधीजींनी १८९०मध्ये दक्षिण आफ्रिकेत उच्चारले, असे अनेकदा सांगितले जाते. परंतु १८९०मध्ये गांधीजी लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेत होते. दक्षिण आफ्रिकेत ते गेले १८९३ साली. याच आशयाचा मजकूर १९४०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील स्टुडबेकर मोटार कंपनीच्या एका विक्री-अधिकाऱ्याच्या नावावर छापलेला मिळतो. मोटारविक्रीचे सूत्र सेवाग्रामचा पेहराव करून आमच्या भिंतीवर आले होते, आणि आम्ही त्याला उदबत्ती ओवाळीत होतो. भिंतीवर ग्राहकासाठी संहिता होती, नोकरासाठी नव्हती.

०

समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉचशील्ड यांनी १९८३ साली 'द मॅनेज्ड हार्ट' या ग्रंथात भावनिक श्रमाची संकल्पना मांडली. विमानातील सेविका आणि थकबाकी वसूल करणारे कर्मचारी हे त्यांच्या अभ्यासाचे विषय. पगारासाठी आपल्या भावना आवरणे वा दाखवणे हेही श्रमच आहेत, हे त्यांनी ठामपणे सांगितले. काकांच्या त्या 'नेहमीच्या आवाजा'चे नाव मला हे पुस्तक वाचताना कळले, पण तोवर पुष्कळ उशीर झाला होता.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २००६च्या सुमारास मोठ्या कंपन्यांची किराणा दालने आली, तेव्हा छोट्या दुकानांनी टिकाव धरला तो बऱ्याच अंशी फोन, उधारी आणि घरपोच सेवा यांच्या बळावर. श्रेय दुकानदाराच्या चिकाटीला मिळाले. मार्च २०२०च्या टाळेबंदीत तर दुकानांचे फोन दिवसभर थांबेनात. साखर संपली आहे, एका घराला एवढेच देता येईल, असे शंभर वेळा शांतपणे सांगण्याचे काम याच माणसांनी केले. दरम्यान २०१७च्या नव्या दुकाने कायद्याने मुख्य तरतुदी दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरत्या मर्यादित केल्या होत्या. आमच्या त्या दुकानात आम्ही पाच जण होतो.

आता अनेक घरांत मागणी बोटाने नोंदवली जाते, आणि राग ताऱ्यांच्या संख्येत व्यक्त होतो. 'नेहमीचा' काय हे यंत्र लक्षात ठेवते. 'कोण बोलतंय?' हा प्रश्नही उरलेला नाही. तो जेव्हा विचारला जात होता, तेव्हा त्याला उत्तर देता येणारी माणसे होती. त्यांपैकी कित्येक आज सत्तरी-ऐंशीत असतील. आपले विद्यार्थी प्रकल्पासाठी विषय मागतात, तेव्हा त्यांना एखाद्या जुन्या दुकानात पाठवावे. पहिला प्रश्न आपोआपच ठरलेला आहे. या वेळी उत्तरात दुकानाचे नाव लिहून घेऊ नये, एवढेच त्यांना सांगावे लागेल.