पेंच परिसरातील महामार्ग-रुंदीकरण

नागपूर–सिवनी (मध्य प्रदेश) मार्गावरील मनसर ते खवासा हा सु. ३७ किमी. लांबीचा रस्ता चौपदरी करण्याचा आणि त्यासाठी घ्याव्या लागलेल्या अनुमतींचा इतिहास भारतातील पर्यावरणीय मूल्यमापनाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. पूर्वी वाराणसी–कन्याकुमारी या सातव्या क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गात मोडणारा हा रस्ता २०१० च्या नव्या क्रमांकनानुसार श्रीनगर–कन्याकुमारी या ४४ व्या महामार्गात समाविष्ट झाला. पेंच व्याघ्र प्रकल्पाला कान्हा आणि नवेगाव–नागझिरा येथील वनांशी जोडणारे वन्य प्राण्यांचे भ्रमणमार्ग या महामार्गाने छेदले जातात.

भारतात प्रकल्पपूर्व मूल्यमापन २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने बंधनकारक झाले. १९९७ मध्ये त्यात जनसुनावणीची भर पडली आणि १४ सप्टेंबर २००६ रोजी नवी अधिसूचना निघाली. तीनुसार राष्ट्रीय महामार्गाच्या विस्तारास पूर्वसंमती लागे, ती लांबी ३० किमी. पेक्षा व संपादित करावयाची अतिरिक्त रुंदी २० मी. पेक्षा अधिक असेल तरच. २०१३ मध्ये या मर्यादा १०० किमी. व ४० मी. (मार्ग बदलल्यास ६० मी.) अशा वाढविण्यात आल्या. रुंदीकरण म्हणजे जुन्याच रस्त्याची सुधारणा, ही समजूत यामागे दिसते. वनप्रदेशात ती टिकत नाही. दुपदरी रस्ता जनावराला रात्री, वाहतूक विरळ असताना, ओलांडता येतो. वाढलेली रुंदी, दुभाजक आणि वेग यांमुळे तीच वाट बंद पडू शकते. शिवाय काम खंडाखंडांनी काढले, की परिणामही खंडाखंडांनीच मोजले जातात. खवाशाजवळ तर राज्याची सीमा असल्याने वनखाते आणि उच्च न्यायालयही बदलते. वाघाचा मार्ग मात्र सलग असतो.

येथे निर्णायक ठरली ती वन (संवर्धन) अधिनियम, १९८० खालील अनुमती. सिवनीकडील भागाचा प्रश्न २००८ च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीपुढे गेला. छिंदवाड्यावरून जाणारा पर्यायी मार्ग वन्यजीवरक्षकांनी सुचविला. तो लांबचा असल्याने राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला मान्य झाला नाही. वाद चालू असता जुन्या दुपदरी रस्त्याची दुर्दशा झाली. रस्त्याकडेच्या गावांतील रहिवासी आणि मालमोटारींचे चालक यांना ती वर्षानुवर्षे सोसावी लागली, आणि मनसर–खवासा भागाच्या दुरवस्थेची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला दखल घ्यावी लागली. विलंबाचा दोष एकट्या पर्यावरणवाद्यांवर टाकण्याची प्रथा आहे. परंतु वन्य प्राण्यांसाठीच्या रचनांचा विचार मूळ आराखड्यातच पुरेसा झाला असता, तर यातील बराच काळ वाचला असता. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने सुचविलेल्या रचनांची लांबी आणि खर्च यांवरून प्राधिकरणाशी दीर्घकाळ मतभेद राहिले. २०१५ मध्ये वृक्षतोडीचा प्रश्न उच्च न्यायालय आणि राष्ट्रीय हरित लवाद या दोहोंपुढे होता.

अखेरीस महाराष्ट्राच्या हद्दीत ५० ते ७५० मी. लांबीच्या नऊ रचना बांधण्यात आल्या. त्यांपैकी चार लहान पूल व पाच प्राणिमार्ग होत. वृत्तपत्रे यांना भुयारी मार्ग म्हणतात, ते तितकेसे बरोबर नाही. येथे जमीन न खोदता रस्ताच खांबांवर उचलला असून प्राणी त्याखालून जातात.

वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये या रचनांखाली स्वयंचलित छायाचित्रक लावून पाहणी केली. तीत १८ जातींच्या वन्य प्राण्यांची पाच हजारांवर छायाचित्रे मिळाली. चितळांची संख्या सर्वांत मोठी होती. वाघ ११ निरनिराळे आढळले. भारतात प्रकल्प पूर्ण झाल्यावर त्याच्या परिणामांची अशी मोजणी क्वचितच होते, म्हणून या पाहणीचे मोल विशेष आहे. तथापि प्राणी रचनेखालून गेले, एवढेच छायाचित्रावरून सिद्ध होते. किती प्राणी रस्त्याजवळ येऊन परत फिरले, हे त्यावरून कळत नाही. लगतच्या मध्य प्रदेशातील खंडात २०२१ पर्यंत असेच प्राणिमार्ग बांधून त्यांच्या वरच्या रस्त्याकडेला वाहनांचा आवाज व प्रकाश अडविणारे उंच पडदे उभारण्यात आले.