आमचं वतन गेलं

बडोद्यात आमच्या शेजारी एक गुजराती काका राहत. चाळीत नवं माणूस आलं की त्याचं नाव विचारायच्या आधी ते विचारायचे, "तमारुं वतन कयुं?" गाव कुठलं, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ. एकदा माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून राहायला आले, तेव्हा काकांनी त्यांनाही हे विचारलं. आजोबा आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "वतन? वो तो गया. सरकारने ले लिया." काका गंभीर झाले. चाळीत दोन सिंधी कुटुंबं होती, त्यामुळे वतन गेलेली माणसं त्यांनी जवळून पाहिली होती. त्या संध्याकाळी काकूंनी ताटलीभर सुखडी पाठवली आणि धीराचे चार शब्दही. आजोबांना कळेना, हे सांत्वन कशाचं चाललंय. त्यांचं गाव जागच्या जागी, गोदावरीच्या काठी, सुखरूप होतं. गेली होती ती कुलकर्णी वतनाची सनद.

हा प्रसंग आमच्या घरी कित्येक वर्षं विनोद म्हणून सांगितला जायचा. त्या विनोदात किती इतिहास आहे, हे मला बरंच उशिरा कळलं.

शब्द अरबी आहे. वस्ती करणं, मुक्काम धरणं या अर्थाच्या धातूपासून तो आला. इस्लामी धर्मशास्त्रात त्याचा एक अगदी व्यवहारी उपयोग आहे. प्रवाशाला चार रकातींची नमाज दोन रकातींवर आणायची मुभा असते. मग प्रवासी कोणाला म्हणायचं? त्यासाठी 'वतन-ए-असली' म्हणजे मूळ ठिकाण आणि 'वतन-ए-इकामत' म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाचं ठिकाण असा भेद केला गेला. हनफी परंपरेत एखाद्या गावी पंधरा किंवा अधिक दिवस राहायचा इरादा केला की ते गाव मुक्कामाचं वतन ठरतं आणि सवलत संपते. इथे देशभक्तीचा संबंध नाही. आज रात्री तुम्ही घरी आहात की वाटेवर, एवढंच या शब्दाला विचारायचं आहे.

देश, आणि ज्यासाठी मरावं असा देश, हा अर्थ पुढे एकोणिसाव्या शतकात भरला गेला. १८७३ मध्ये इस्तंबूलला नामिक केमाल या लेखकाचं नावातच 'वतन' असलेलं नाटक रंगमंचावर आलं. प्रेक्षक घोषणा देत रस्त्यावर उतरले आणि सुलतानाच्या सरकारने लेखकाची रवानगी सायप्रसला केली. आपल्याकडे उर्दूत इक्बालांनी आधी हिंदुस्तानचा तराणा लिहिला आणि नंतर 'वतनियत' या नज्मेत वतनाला दैवत मानण्यावरच हल्ला चढवला. तोवर हा शब्द एवढा मोठा झाला होता, की त्याच्याशी भांडायला कवितेची गरज पडावी. 'हमवतन', 'जलावतन' ही त्याचीच भावंडं. ('जलावतन'मधल्या 'जला'चा जळण्याशी संबंध नाही. तो देशत्यागाचा अरबी शब्द आहे. पण कुर्रतुलऐन हैदर यांच्या त्या नावाच्या कथेशी माझी पहिली ओळख झाली ती 'जळालेलं वतन' अशीच, आणि चुकीचा असूनही तो अर्थ अजून मनातून जात नाही.)

दख्खनमध्ये मात्र या शब्दाने वेगळीच वाट धरली. ती वाट फुटते कुठून, याचा एक धागा मुघलांच्या व्यवहारात दिसतो. मुघल मनसबदाराची जहागीर साधारण तीन-चार वर्षांनी बदलायची. आज इथे, उद्या तिथे. पण राजपूत राजांना त्यांचा पिढीजात मुलूख 'वतन जहागीर' म्हणून तसाच राहू देत, जसं कछवाह्यांना आमेर. म्हणजे वतन हे घर तर होतंच, पण बादशहाने कागदावर मान्य केलेलं, वारशाने चालणारं आणि बदली न होणारं असं उत्पन्नही होतं. घर आणि हक्क एका शब्दात आले.

बहमनी, निजामशाही आणि आदिलशाही मुलखात या दोहोंपैकी हक्कानेच बाजी मारली. इथे वतन म्हणजे वंशपरंपरेचं काम आणि त्या कामाबद्दल मिळणारं सगळं: इनाम जमीन, धान्यातला वाटा, आणि मान. परगण्याला देशमुख-देशपांडे, गावाला पाटील-कुलकर्णी, आणि त्यांच्या खाली सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, मांग, महार. हे सगळे आपापल्या परीने वतनदार. वतन नसलेला माणूस गावात पिढ्यान् पिढ्या राहिला तरी तो 'उपरी'. पाटलाची खूण नांगर. वतनाच्या तंट्यात मजहर व्हायचा, तेव्हा गोत जमायचं आणि निवाड्याच्या कागदावर ज्याच्या त्याच्या अवजाराची खूण उमटायची. लिहिता न येणाऱ्या माणसाची गावातली जागा त्या खुणेत असे.

पाटीलकी विकताही येत असे, अर्धी किंवा पाव. वाटणीच्या कागदांत जमिनीइतकीच जागा मानाच्या कलमांनी अडवलेली असते. होळीची पहिली पोळी कोणाची, पोळ्याला आधी कोणाचा बैल निघायचा, लग्नात विडा कोणाला आधी, चांभाराचा वर्षाचा जोडा कोणाच्या घरी. आज वाचताना हसू येतं. पण या कलमांपायी भावकीत खून पडले आहेत, आणि खरेखोटे ठरवायला उकळत्या तेलातून रवा काढायचं दिव्य माणसांनी केलं आहे. एखाद्या बैलाच्या मानासाठी हात भाजून घ्यायला तयार असलेला माणूस मूर्ख नव्हता. बैल मागे पडला की वतन मागे पडलं, आणि वतन मागे पडलं की पोरंबाळं उपरी, हे त्याला ठाऊक होतं.

राजसत्तेला अर्थातच हे वतनदार डोईजड व्हायचे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. वतनदार म्हणजे स्वभावतः लहानसा राजाच, असलेल्यावर समाधान न मानणारा, परचक्र आलं की वतनाच्या लोभाने आधी जाऊन भेटणारा, तेव्हा त्याला बुडवूही नये आणि मोकळंही सोडू नये, असा त्याचा मथितार्थ. पंतांनी हे अनुभवाने लिहिलं. १६८९ मध्ये संभाजी महाराज गेले, राजाराम महाराज जिंजीला पोहोचले, आणि औरंगजेब व मराठे दोघेही सरदारांना वतनांच्या सनदा देऊ लागले. एकच घराणं आज या बाजूला, उद्या त्या बाजूला. शाळेच्या पुस्तकात याला फितुरी म्हणतात. त्या माणसाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मी वतन राखतोय. हिंदीत हे वाक्य लिहून पाहा, तो देशभक्त वाटेल.

म्हणूनच कान्होजी जेध्यांची गोष्ट एवढी सांगितली गेली. रोहिडखोऱ्याचे हे देशमुख. अफजलखान चालून आला तेव्हा आदिलशाहीकडून वतन जायचा धोका पत्करून ते शिवाजी महाराजांच्या बाजूला राहिले, वतनावर पाणी सोडलं, असं जेधे घराण्याची परंपरा सांगते. 'पाणी सोडणं' हा दानाचा, कायमच्या त्यागाचा विधी. इथे देशासाठी वतन सोडायचं होतं. एका भाषेत या दोन शब्दांचा अर्थ एकच आहे, दुसरीत ते परस्परांविरुद्ध उभे आहेत.

इथवर मी पाटील-देशमुखांचं बोललो. आजोबांच्या गोष्टींतही वतन म्हटलं की हेच असायचं, दप्तर, मान, वाडा. पण गावात आणखी एक वतन होतं, आणि त्याबद्दल आमच्या घरात कोणी चकार शब्द काढत नसे.

महार वतनाच्या मुळाशी एक दंतकथा आहे. बिदरच्या बादशहाने अमृतनाक नावाच्या महाराच्या इमानावर खूश होऊन त्याच्या जातीला बावन्न हक्क दिले, अशी. हक्क हाच शब्द. प्रत्यक्षात कामं कोणती? वेशीची राखण, सांगावे पोचवणं, सारा तालुक्याच्या खजिन्यापर्यंत सांभाळून नेणं, अंमलदाराचं सामान वाहणं, शिवेच्या तंट्यात साक्ष, मेलेली जनावरं ओढणं. मोबदला म्हणून 'हाडकी-हाडोळा' म्हणतात ती जमीन, आणि घरोघरचं बलुतं. जमीन पिढीगणिक तुकड्या-तुकड्यांत वाटली गेली. बलुतं देणाऱ्याच्या मर्जीवर. काम मात्र दिवसाचे चोवीस तास.

इंग्रजांनी १८७४ मध्ये मुंबई इलाख्यातल्या वंशपरंपरागत कामांचा कायदा करून ही सगळी व्यवस्था नियमांत बसवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारता'त महार वतनावर लिहिलं आणि मार्च १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. सांगणं सरळ होतं. ज्याला सेवा नको त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवता यावी, बलुत्याऐवजी पैसा मिळावा आणि तो सरकारने गोळा करावा, कामाला हद्द असावी. आजोबांच्या विनोदाचा रंग माझ्यासाठी उतरला तो इथे. कुलकर्ण्यांना सेवेतून मोकळं होऊन जमीन राखायची सोय इंग्रजी अमलातच मिळाली होती. तीच सोय महारांसाठी मागितल्यावर मात्र गावगाडा मोडेल अशी ओरड झाली. खुद्द महारांतही वतन सोडायला नाखूश असलेले लोक होते, कारण गावात आपण कोणीतरी आहोत याचा त्यांच्याकडे तेवढाच एक दाखला होता. विधेयक निवड समितीकडे गेलं, त्याची धार बोथट झाली, आणि पुढच्या वर्षी बाबासाहेबांनी ते मागे घेतलं. डिसेंबर १९३९ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, हरेगावला, महार-मांग-वेठियांची परिषद भरली. सरकारने वतनी जमिनींवरची जुडी वाढवली होती, म्हणजे वेठ आहे तशी आणि वर सारा जास्त.

त्या दोन तारखांच्या मधोमध एक तिसरी आहे, १४ ऑगस्ट १९३१. मुंबईत मणिभवनात बाबासाहेब आणि गांधीजी भेटले. धनंजय कीरांच्या चरित्रात त्या भेटीचा वृत्तांत आहे. आपल्याला मायभूमीच नाही, असं बाबासाहेब तिथे म्हणाले. कुत्र्यामांजरासारखं वागवणाऱ्या, पाणीही पिऊ न देणाऱ्या भूमीला आपली कसं म्हणावं, हा त्यांचा सवाल होता. हे वाक्य मी अनेकदा वाचलं होतं. पण 'वतन'चे दोन्ही अर्थ शेजारी ठेवून वाचलं, तेव्हा थबकलो. ज्या समाजाच्या नावावर गावोगाव वतन लिहिलेलं होतं, त्याला वतन नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर वतनं कायद्याने गेली, पण एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५०च्या कायद्याने, महार वतनासारखी 'कनिष्ठ' ग्रामवतनं १९५८च्या कायद्याने (कायद्याच्या नावातच हा शब्द आहे), आणि पाटीलकी १९६२च्या कायद्याने. पाटीलकी संपल्याची तारीख १ जानेवारी १९६३. त्याच महिन्याच्या २७ तारखेला दिल्लीत, चीन युद्धातल्या शहिदांसाठी, लता मंगेशकरांनी ते गाणं गायलं ज्यात पहिल्याच ओळीत वतनाच्या लोकांना साद आहे. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे रामचंद्र चितळकरांचं. त्यांचा जन्म पुणतांब्याचा, आमच्याच जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या गावाचा. नुसता योगायोग, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण त्या जानेवारीत गावोगावच्या चावडीत 'वतन'चा एक अर्थ दप्तरात बांधला जात होता आणि रेडिओवर दुसरा वाजत होता.

पुढे मराठीने मोठा अर्थ मनापासून घेतला असं मला दिसत नाही. देशाला आपण देश म्हणतो, मायभूमी म्हणतो. 'वतन' उरलं ते टोमण्यात: खुर्ची सोडत नाही, बापाचं वतन आहे का? आणि उरलं सातबाऱ्यावर.

महार वतनाच्या जमिनी साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरून मूळ वतनदारांना परत मिळायच्या होत्या. काहींनी भरली, काहींना मुदतीत जमली नाही. मिळाली ती नव्या शर्तीने, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. शर्त संरक्षणासाठी होती. शहरं वाढत त्या जमिनींपर्यंत आली, आणि आता अशा जमिनीच्या व्यवहाराची बातमी अधूनमधून पेपरात दिसते. बहुतेक वेळा त्यात मूळ वतनदाराचे नातू कचेरीच्या पायऱ्यांवर असतात आणि परवानगीचा कागद तिसऱ्याच कोणाच्या हातात.

आजोबा बडोद्यातच वारले. गुजराती वर्तमानपत्रात द्यायची सूचना शेजारच्या काकांनी लिहून दिली. नाव, वय, आणि त्याखाली 'मूळ वतन' लिहून पुढे जागा मोकळी सोडली होती. वडिलांनी तिथे गावाचं नाव लिहिलं.

मागच्या वर्षी त्या गावी गेलो होतो. वाडा पडलाय. तलाठ्याकडे दुसऱ्याच एका कामासाठी गावाचे उतारे चाळत होतो. आमच्या जमिनीच्या उताऱ्यावर वतनाची खूण कुठेच नाही, ती कधीच पुसली गेली. नदीकडच्या चार गटांच्या उताऱ्यावर मात्र इतर हक्कांच्या रकान्यात अजून लिहिलेलं आहे: महार वतन.