चौल–रेवदंडा

रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील प्राचीन बंदर व त्याचे अवशेष. ही जोडगावे कुंडलिका नदीच्या मुखाशी, उत्तर तीरावर, अलिबागपासून सुमारे 17 किमी.वर आहेत. पनवेलकडून येणाऱ्याने पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता धरून वडखळला अलिबागकडे वळावे.

कान्हेरी लेण्यांच्या लेखांत दानकर्त्यांचे गाव म्हणून चौलचे ‘चेमुल’ हे नाव येते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याणनंतरच्या बंदरांत ‘सेमुल्ला’ आहे. टॉलेमीनेही ते नोंदवले. रोमशी व्यापार एवढा जुना, तरी भूमध्य समुद्राकाठच्या शहरांतले दगडी पायऱ्यांचे अँफिथिएटर येथे शोधू नये. तिकडे रोमन राज्यकर्ते होते, इकडे गिऱ्हाईक. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात मिळाली ती त्यांच्या मद्यकुंभांची खापरे. दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे हे कुंभ दारू भरून जहाजाने येत. जुने चौल आजही बरेचसे नारळी-पोफळीच्या वाड्यांखाली आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी येथे आलेला अरब प्रवासी अल्-मसूदी चौलला ‘सैमूर’ म्हणतो.

डोळ्यांना दिसते ते मुख्यतः पोर्तुगीज. 1508 मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त व गुजरातच्या आरमाराशी लढताना पोर्तुगीज सेनानी लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. पुढे निजामशाहीच्या परवानगीने 1521 पासून पोर्तुगीजांनी रेवदंड्यास कोट बांधला. त्याच निजामशाहीने 1570–71 मध्ये घातलेला वेढा मात्र फसला. 1740 मध्ये हे ठाणे मराठ्यांकडे आले. अलिबागचा रस्ता आता कोटाच्या भिंतीतून थेट गावात शिरतो. चर्चचे कमानीदार अवशेष वाड्यांत विखुरले आहेत. त्यांत उंच उठून दिसतो तो सातखणी मनोरा, मुळात चर्चचाच. त्याचे वरचे मजले पडले आहेत.

चौलच्या रामेश्वर मंदिरापुढे पुष्करणी आहे. सभामंडपाच्या फरशीखाली पर्जन्य, वायू व अग्नी अशी तीन कुंडे झाकलेली आहेत. पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडण्याची प्रथा होती. डोंगरावरील दत्तमंदिराची जत्रा मार्गशीर्षात भरते.

समोरच्या तीरावर कोर्लईचा किल्ला आहे. साळावच्या पुलावरून तिकडे जाता येते. एका दिवसात दोन्ही पाहायचे तर रेवदंडा आधी घ्यावा आणि कोटाची समुद्राकडची भिंत ओहोटीला पाहावी.