डोळ्यांवरची सावली

सोलापूरजवळच्या होटगीत भरदुपारी उघड्यावर काढलेला कुणाचाही फोटो पाहा. कपाळ चमकतंय, नाकाचा शेंडा चमकतोय आणि भुवयांखाली दोन काळे खड्डे. डोक्याला रुमाल किंवा टोपी असली तर डोळे आणखीच आत गेलेले. समोर उभा असलेला माणूस आपल्याला असा दिसत नाही. सावलीकडे वळली की आपली नजर क्षणात जुळवून घेते. कॅमेऱ्याला मात्र कपाळ आणि डोळ्यांची खोबण एकाच मापानं मोजावी लागते. या अंधाऱ्या डोळ्यांत उजेड आणायची कला फोटोग्राफीच्या पहिल्या पिढीतच जन्मली.

१८४०च्या दशकात एडिनबरोला हिल आणि अ‍ॅडमसन ही जोडी माणसांना उन्हात बसवून फोटो काढत असे. चेहऱ्यावरच्या सावल्या सौम्य करायला ते अंतर्गोल आरशानं उजेड परतवत. १८५१ साली कलोडियनची ओली काच आली, तरी अडचण सुटली नाही. त्या काचेला निळा उजेड फार लवकर कळे, तांबूस आणि तपकिरी रंग जवळजवळ कळतच नसत. त्यामुळे आपल्याकडचे सावळे चेहरे डोळ्यांना दिसतात त्याहून काळे उतरत. त्यात स्टुडिओतला उजेड बहुधा छताच्या काचेतून, म्हणजे वरूनच यायचा. फोगेल या जर्मन रसायनतज्ज्ञानं १८७३ मध्ये रंगद्रव्य मिसळून काचेला हिरव्याचीही जाण दिली. तांबड्यासकट सगळे रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात यायला १९०६ उजाडलं. तोवर दुरुस्ती हातानंच करायची होती.

ती दाखवली म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगलनं. १८५५च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यानं एकाच माणसाच्या दोन प्रती मांडल्या, एक मूळ निगेटिव्हवरून आणि दुसरी हात फिरवलेल्या निगेटिव्हवरून. लोक थक्क झाले. आपणही तेव्हा मागे नव्हतो. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली होती, डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला.

या कामाची खरी गंमत निगेटिव्हच्या उलट्या न्यायात आहे. डोळ्यावरची सावली निगेटिव्हवर पारदर्शक असते, त्यातून उजेड भसकन खाली जातो आणि कागद काळा होतो. म्हणजे डोळा उजळायचा तर निगेटिव्हवर तो काळा करायचा! कारागीर उतरत्या मेजावर दुधी काच बसवी, तिच्याखाली आरसा ठेवून खिडकीचा उजेड वर घेई आणि बाजूचा उजेड अडवायला डोक्यावर कापड ओढी. गुळगुळीत निगेटिव्हवर पेन्सिल धरत नाही, म्हणून टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेल्या राळेचा पातळ हात आधी द्यावा लागे. मग सुईसारखं लांब टोक काढलेल्या पेन्सिलीनं बारीक ठिपके आणि स्वल्पविरामासारखे फटकारे. सावली मोठी असली तर लाल रंगाचं अगदी फिकं पाणी कुंचल्यानं थरावर थर चढवायचं, कारण कागदाला तो लाल काळ्यासारखाच वाटतो. उलट, एखादी जागा गडद हवी असली तर पात्यानं खरवडायची.

हात कुठे थांबवायचा, हे मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग जरा जास्त उजळला की माणूस घाबरल्यासारखा दिसतो. पापणीची सावली पुसली तर डोळा कागदावर चिकटवल्यासारखा. चांगला कारागीर बुबुळाच्या खालच्या कडेला किंचित उजेड देतो, बाहुलीतला चमकीचा ठिपका दिवा ज्या बाजूला आहे त्याच बाजूला ठेवतो आणि बाकीचा अंधार तसाच राहू देतो. अर्धा चेहरा काळोखात ठेवून काढलेल्या गंभीर फोटोला तर हे दुप्पट लागू आहे. तिथला काळोख फोटोग्राफरनं ठरवून आणलेला असतो.

आपल्याकडे या कामाचं ओझं वेगळंच होतं. मूर्तीत प्राण यायचा तर नेत्रोन्मीलन व्हावं लागतं, ही आपली जुनी समजूत. हार घालायच्या फोटोतही घरच्यांना डोळेच हवे असत. कित्येकांचा आयुष्यात एकच फोटो निघे, कधी तर मृत्यूनंतरच, आणि मग मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवून घेतले जात. या कारागिरांची नावं फोटोखाली आली नाहीत. राजा दीनदयाळांचा स्टुडिओ हैदराबादेत होता, १८९६ पासून मुंबईतही होता. स्टुडिओचं नाव आपल्याला ठाऊक आहे. काचेवर वाकून बसणाऱ्यांचं नाही.

पुढे फिल्म लहान झाली. २४ बाय ३६ मिलिमीटरच्या चौकटीतल्या डोळ्यावर पेन्सिल फिरवणार कशी? काम कागदावर आलं. एन्लार्जरच्या उजेडात तारेला लावलेली पुठ्ठ्याची टिकली डोळ्यांवर हलवत धरायची, तेवढा भाग कमी काळा होई. किंवा धुतलेल्या प्रिंटवर पोटॅशियम फेरिसायनाइड आणि हायपोचं हॉवर्ड फार्मरनं १८८३ मध्ये दिलेलं मिश्रण कुंचल्यानं लावायचं. युजीन स्मिथसारखा छायाचित्रकार गडद प्रिंटमधले चेहरे अशा ब्लीचनंच खुलवी. क्षणभर उशीर झाला की प्रिंट वाया. १९९० साली फोटोशॉप आलं आणि पुढे त्यातल्या उजळण्याच्या अवजाराला चित्र मिळालं ते काडीवरच्या त्याच टिकलीचं.

आता घराघरांतले आजोबा-पणजोबा भिंतीवरून उतरून स्कॅनरवर जातात. मोठं केलं की डोळ्यांखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसते आणि दुकानातला मुलगा ती बुरशी समजून एका फटक्यात साफ करतो. तसं करू देऊ नका. आधी काही न पुसता, जास्तीत जास्त बारकाईनं स्कॅन करायला सांगा आणि ती फाइल वेगळी ठेवा. काचेची निगेटिव्ह घरात सापडली तर ती ओल्या फडक्यानं पुसू नका. पेन्सिलीचं काम तिच्या पृष्ठभागावरच असतं, ते फडक्याबरोबर निघून येतं.