लाल डागाचा इतिहास

१८१९च्या उन्हाळ्यात इटलीतील पादुआजवळच्या लेन्यारो गावात पोलेंटावर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीवर, रक्तासारखे लाल डाग उमटू लागले. हा दैवी कोप आहे, या भीतीने गाव हादरले. बार्तोलोमेओ बिझिओ या औषधशास्त्राच्या अभ्यासकाने ताजी उकड दमट, उबदार जागी ठेवून तसेच डाग उमटवून दाखवले. त्यामागे सूक्ष्म सजीव होता. बिझिओला ती बुरशी वाटली. पुढे तो जिवाणू ठरला. सेराती या भौतिकशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ आणि रंग लवकर विटतो म्हणून त्याने दिलेले ‘सेराशिया मार्सेसेन्स’ हे नाव आजही चालते.

१२६३ साली बोल्सेना येथे प्रार्थनेच्या भाकरीतून रक्त पाझरल्याची कथा आहे. तेही याच जिवाणूचे काम असावे, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. या रंगद्रव्याचे ‘प्रोडिजिओसिन’ हे नाव ‘अद्भुत घटना’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आले.

पुढे भीतीची जागा निर्धास्तपणाने घेतली. रंगामुळे माग काढणे सोपे आणि जिवाणू निरुपद्रवी, असे मानून अमेरिकी नौदलाने सप्टेंबर १९५०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोवर त्याचे फवारे सोडले. त्याच सुमारास तिथल्या एका रुग्णालयात ११ जणांना त्याचा संसर्ग झाला आणि एक जण दगावला. फवाऱ्याशी थेट संबंध सिद्ध झाला नाही. पण हा जिवाणू रुग्णांना घातक ठरू शकतो, हे आज निर्विवाद आहे.

कर्करोगाशी त्याचे नाते जुने आहे. १८९०च्या दशकात न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली अर्बुदाच्या रुग्णांना मृत जिवाणूंचे मिश्रण टोचत. त्यात हाही असे. काहींच्या गाठी विरघळल्या. त्याचे श्रेय आज मुख्यतः चेतवलेल्या प्रतिकारशक्तीला दिले जाते. म्हणून कोलींचे यश प्रोडिजिओसिनच्या खात्यावर मांडणे मला योग्य वाटत नाही.

प्रोडिजिओसिनचा पुरावा वेगळा आहे. हे प्रतिजैविक द्रव्य प्रयोगशाळेत अनेक प्रकारच्या कर्कपेशींना आत्मनाशाकडे ढकलते. त्याच कुळाच्या धर्तीवर घडवलेले ओबाटोक्लॅक्स मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचले, पण औषध म्हणून मान्य झाले नाही. काचेच्या बशीतली पेशी मरणे आणि माणूस बरा होणे यांत मोठे अंतर असते.

चमत्कार, कोप, निरुपद्रवी खूण: या डागाबद्दलची प्रत्येक घाईची समजूत पुढे डळमळली. टिकली ती बिझिओची रीत, पुन्हा करून पाहण्याची. ‘कर्करोगावर रामबाण’ असे मथळे वाचताना रुग्णाच्या घरच्यांनी तीच कसोटी लावावी, असे मला वाटते.